फरशीवरचा दोर

सातारा
२२ ऑगस्ट २०२२

चि. संयोगिता,

आशीर्वाद, आणि त्याबरोबर एक तक्रार. माझ्या सख्ख्या भाचीचा गावात सत्कार होतो आणि ते मला शेजारणीकडून कळतं! पेपर नाचवतच आली ती. "चंद्राबाई, ही तुमची संयोगिता ना?" फोटोत तुझे डोळे मिटलेले, अंगावर शाल, हातात नारळ. शेजारी तुमचा सरपंच जयराज असा हसतोय, की ओढ्यात दोर धरून तोच उभा राहिला होता असं वाटावं.

बातमी मी तीनदा वाचली. "सोनधोंडीच्या 'सोबत' गटातील तरुणांनी सलग तिसऱ्या पावसाळ्यात फरशीवर दोर धरून गावकऱ्यांना ओढा पार करून दिला." मी त्याच गावात वाढले गं. कृष्णेला पाणी चढलं, की आमच्या वेळची जवान पोरं देवळाच्या पायरीवर बसून ते कुठवर येतंय यावर पैजा लावायची. तुम्ही पोरं त्या पाण्यात उतरता. मला तुझा अभिमान वाटतो. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे वाक्य मी फार जपून वापरलंय.

सगळं नीट लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू "हो आत्या, बरं आत्या" म्हणतेस आणि मी काही न कळताच ठेवून देते.

आणखी एक. तुझा बाप, म्हणजे आमचा ज्ञानू, मागं इथं आला तेव्हा सांगत होता की कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारं एक स्थळ आलंय आणि तू फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. असू दे. पण पेपरातल्या फोटोत तुझ्या उजव्या हाताला शालीची घडी काखेत मारून जो उंच मुलगा उभा आहे, तो कोण?

तुझी
चंद्राआत्या


सोनधोंडी, ता. पलूस
४ सप्टेंबर २०२२

ती. आत्या,

नमस्कार. तक्रार मान्य, दंड म्हणून हे लांबलचक पत्र.

उंच मुलगा म्हणजे शिवतेज, आमच्या गटाचा म्होरक्या. तुझ्या डोक्यात जे आलंय ते काढून टाक. आम्ही दिवसातून दोनदा भांडतो.

फरशी तुला माहीत आहेच. तोच तो बिनकठड्याचा बुटका पूल. तू शाळेत जायचीस तेव्हाही त्यावरून पाणी जायचं आणि आजही जातं. हायस्कूल, दवाखाना, कारखान्याचा रस्ता, सगळं पलीकडे. पाणी गुडघ्याच्या आत असलं, की आम्ही अलीकडच्या बाभळीपासून पलीकडच्या लिंबापर्यंत दोर ताणतो. दोघं दोन्ही टोकांना, चौघं पाण्यात. मुलं आणि म्हातारी माणसं दोर धरून मधून जातात. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की दोर सोडायचा आणि कुणालाच जाऊ द्यायचं नाही. कितीही शिव्या दिल्या तरी.

गटाची एक रीत आहे, ती तुला आवडेल. बैठकीत सगळ्यात लहान माणसानं आधी बोलायचं. मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं, शिवतेज शेवटी. याचं कारण २०१९ चा पूर. त्या दिवशी चावडीत मोठी माणसं ठरवत होती, गाव सोडायचं की थांबायचं. "न्हाई चढत एवढं" असं ठरलं. मयूरी तेव्हा दहावीत होती, दारात उभी होती. तिनं पहाटेच पाहिलं होतं की ओढा उलटा वाहतोय. नदीचा फुगवटा आत शिरला की तो उलटा वाहतो. पण मोठ्यांच्यात कसं बोलायचं म्हणून ती गप्प राहिली. संध्याकाळी आम्ही कौलांवर होतो. त्यानंतर गट झाला आणि ही रीत आली.

आता खरं सांगायचं ते सांगते. सत्काराच्या भाषणात जयराजदादा म्हणाले, "ही पोरं हायती तवर आपल्याला फरशीची काळजी न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. घरी येताना मयूरी हळूच म्हणाली, "ताई, म्हंजे आता पूल व्हनारच न्हाई का?"

आत्या, माझ्या हातातला नारळ मला एकदम जड वाटायला लागला. तीन वर्षांत गावात कुणी पुलाचं नावसुद्धा काढलेलं नाही. आम्ही दोर इतका चांगला धरला, की कुणाला पुलाची आठवणच राहिली नाही. शिवतेजला हे बोलून दाखवलं तर तो भडकला. "आपलं काम दोर धरायचं. पुलाचं राजकारन आपलं न्हाई."

तुला काय वाटतं?

तुझी
संयोगिता


सातारा
२० सप्टेंबर २०२२

चि. संयोगिता,

पत्र वाचून आधी ओढ्यात उभी असलेली तू डोळ्यासमोर आलीस. मग ती लहानांनी आधी बोलायची रीत वाचली आणि पुस्तकं आवरायची सोडून तशीच बसून राहिले. वर्गात मी नेहमी हुशार पोरांना आधी उठवायचे. मागच्या बाकावरचं पोर काय पाहत होतं, देव जाणे. तुम्ही पोरांनी हे कुणी न शिकवता शोधून काढलंत. धन्य आहात.

बाकी शिवतेजचं बरोबर आहे. राजकारणाच्या नादी लागू नकोस. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक फ्लेक्स आहे. वाढदिवस कुणाचा हे शोधायला भिंग लागतं आणि शुभेच्छुकांचीच तोंडं दीडशे. तुझं तोंड मला त्या गर्दीत बघायचं नाही. आपलं काम करावं, झोप शांत लागते.

तरी एक विचारते, केवळ माहितीसाठी. पूल हवा असा ग्रामसभेत कुणी कधी ठराव मांडलाय का? मांडलाच नसेल तर जयराजला तरी काय दोष देणार?

आणि दिवसातून दोनदा भांडायला माणूस दिवसातून दोनदा भेटावा लागतो, हेही लक्षात घेतलंय मी.

तुझी
चंद्राआत्या


सोनधोंडी
१० नोव्हेंबर २०२२

ती. आत्या,

उशीर झाला. दिवाळीत येणार होते, ते जमलं नाही. घरी सगळे ठीक. उसाला तोड आली आहे, आप्पा दिवसभर फडातच असतात.

तू विचारलेलं मी ग्रामसेवकांना विचारलं. असा ठराव कधीच झालेला नाही. ग्रामसभाच होत नाही म्हणाले. कोरम भरत नाही म्हणून तहकूब होते, आणि नंतर शिपाई घरोघर फिरून सह्या घेऊन येतो. आप्पांचीही सही असते. माझीसुद्धा दोनदा होती, काय लिहिलंय हे न बघता केलेली.

गटात जाणं आता बंद आहे. शिवतेजशी बोलणंही बंद आहे. कारण पत्रात लिहिता येण्यासारखं नाही. रागावू नकोस, थोडे दिवस दे.

संयोगिता


सातारा
१८ नोव्हेंबर २०२२

चि. संयोगिता,

कळलं. सगळं कळलं. कराडचं स्थळ नको, गटात जाणं बंद, उंच मुलाशी बोलणं बंद, कारण लिहिता येत नाही. अगं, मी लग्न केलं नसलं म्हणून मला काही कळत नाही असं समजू नकोस. शाळेत अशा किती जोड्या मी ऑफिसात बोलावून समज दिलीय!

ज्ञानूला घाबरतेस का? तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी विहिरीत पोहायला शिकवलंय. मुलगा पाण्यात उभा राहून दुसऱ्याचं लेकरू पलीकडे नेणारा असेल, तर मला आणखी काही विचारायचं नाही. जमीन किती, घर किती, ते ज्ञानू विचारील. फक्त खरं काय ते लिही. मी एसटी धरून येते आणि घरात बोलते.

तुझी
चंद्राआत्या


सोनधोंडी
९ डिसेंबर २०२२

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग रडू आलं. शिवतेजनं वाचलं असतं तर त्यानं ओढ्यातच उडी घेतली असती. तसलं काही नाही गं. त्याहून अवघड आहे.

मी ग्रामपंचायतीला उभी राहिले आहे. आमच्या प्रभागातली बाईसाठी राखीव असलेली जागा. अर्ज छाननीत टिकला, माघारीची मुदत परवा संपली आणि चिन्ह मिळालं, शिट्टी. १८ तारखेला मतदान. जयराजदादांच्या पॅनेलकडून बनुबाई आहेत. स्वभावानं गरीब. त्यांचा प्रचार नवराच करतो, त्या गाडीत मागं बसलेल्या असतात.

आणि गट. गटाचा एक नियम आहे: निवडणूक नाही, प्रचार नाही, फ्लेक्सवर फोटो नाही. जो राजकारणात जाईल त्यानं गट सोडायचा. हा नियम कुणी केला माहीत आहे? मीच. २०१९ ला बोटीवर दोन्ही पॅनेलवाले आपापलं बॅनर बांधायला आले होते, पाण्यात माणसं अडकलेली असताना. मी दोन्ही बॅनर नदीत सोडून दिली आणि पूर ओसरल्यावर गटाच्या पहिल्याच बैठकीत हा नियम मांडला. सगळ्यांनी हात वर केले होते.

ऑक्टोबरात मी बैठकीत सांगितलं की मला उभं राहायचं आहे, पूल मागायचा तर तिथं जाऊनच मागावा लागेल. रीतीप्रमाणं मयूरीपासून सुरुवात झाली. ती म्हणाली, "ताईनं उभं ऱ्हावं, पर गटातनं जाऊ नये." पुढचे दोघं तिच्यासारखंच म्हणाले. मग एकेक जण अडखळायला लागला. लोक म्हणतील, ही पोरं मतांसाठी दोर धरत होती. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पॅनेलची माणसं आमचा दोर धरणार नाहीत. ते खरं होतं, आत्या. मलाही पटत होतं. शिवतेज शेवटी बोलला. "तुला अडवत न्हाई. पर नियम तुझाच हाय, आन तो चांगला हाय."

मी उठून आले. तीन वर्षांत मला जे काही येतं ते गटाची बैठक भरते त्या शाळेच्या व्हरांड्यात आलं. चार माणसांत उभं राहून बोलायला, दुसऱ्याचं पुरतं ऐकून घ्यायला, अंगावर ओरडणाऱ्या माणसाला "आज जाता येणार नाही" म्हणून शांतपणे सांगायला. ते सगळं घेऊन मी निघाले आणि तिथंच मला आता जागा नाही.

घरात आप्पा बोलत नाहीत. ते वीस वर्षं जयराजदादांबरोबर आहेत. एवढंच म्हणाले, "मला इचारलं असतंस तर बरं झालं असतं." आई गुपचूप माझ्या पिशवीत भाकरी ठेवते.

मी चुकले का? तूच म्हणाली होतीस, नादी लागू नकोस.

संयोगिता


सातारा
१३ डिसेंबर २०२२

चि. संयोगिता,

आधी राग आला. स्वतःचाच जास्त. भिंग घेऊन फ्लेक्स वाचत बसले आणि घरातली पोरगी काय करतेय ते दिसलं नाही.

तू चुकलेली नाहीस. मी राजकारण म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढं गुलाल आणि गाड्या होत्या. तू ज्या माणसांना दोरानं पलीकडे नेलंस त्यांच्यासाठी पूल मागायला निघालीस. याला जर राजकारण म्हणत असतील, तर मी आजपर्यंत त्या शब्दाचा अर्थ चुकीचा शिकवला. आणि तुझ्या गटाचंही मला कौतुक वाटतं. लाडक्या माणसासाठीसुद्धा नियम वाकवला नाही! बावीस-पंचवीस वर्षांच्या पोरांत हा कणा कुठून आला?

प्रचाराला पैसे घालवू नकोस. घरोघर जा, बायकांशी बोल, आणि बोलण्याआधी घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेला विचार की तिला काय हवंय. तिला आजवर कुणी विचारलेलं नसेल.

ज्ञानूला मी काही बोलणार नाही. बाप-लेकीच्या मध्ये मी पडले तर तो हट्टाला पेटेल. तो लहानपणापासून तसाच आहे, आतून कळतं त्याला, पण तोंड उघडायला वर्ष लागतं.

मतदानाला मी येत नाही. तिथं माझं मत नाही, नुसती घालमेल होईल. देवापुढं दिवा लावून बसते.

तुझी
चंद्राआत्या


सोनधोंडी
२४ डिसेंबर २०२२

ती. आत्या,

सात मतांनी पडले.

तहसीलच्या आवारात निकाल लागला. जयराजदादा पुन्हा सरपंच झाले, गुलाल उडाला, गाड्या गावात आल्या. मी एसटीनं आले. आई दारातच उभी होती. आप्पा गोठ्यात. बोलले नाहीत, पण बोलत नसले तरी मत मलाच दिलं असणार, शेवटी बाप आहे. तो विचार करूनच मला त्या रात्री झोप लागली.

संध्याकाळी कोण आलं असेल सांग? बनुबाई! लुगड्यावर गुलाल तसाच. नवरा गाडीच्या बॉनेटवर बसून मिरवत होता, तेवढ्यात त्या मागच्या आळीनं चालत आल्या. चुलीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, म्या निवडून आली म्हंत्यात. तितं बसून काय बोलायचं असतंय गं?" मला हसावं की रडावं कळेना. आईनं चहा केला. मी त्यांना सांगितलं, काय बोलायचं ते तुमचं तुम्हीच ठरवा, पण बोला. त्या पदराशी चाळा करत बसल्या. "मालक बोलू देनार न्हाईत," म्हणाल्या. मग कप विसळून ठेवून गेल्या.

गटातली पोरं रस्त्यात भेटतात, मान खाली घालतात. त्यांनी प्रचार केला नाही, करूही नये. पण आत्या, मी आता ना गटात, ना पंचायतीत. नोकरी बघायला पुण्याकडं जावं असं वाटतंय. शिरवळला एका कंपनीत प्रयोगशाळेत जागा आहे, मैत्रीण बोलावतेय. फरशीवरून पाणी जाताना मला निदान ते बघावं तरी लागणार नाही.

संयोगिता


सातारा
२ जानेवारी २०२३

चि. संयोगिता,

शिरवळला जायचं तर जा. चांगली नोकरी असेल तर जरूर जा. पण पडले म्हणून पळून जाऊ नकोस, एवढंच.

तुला एक साधी गोष्ट विचारते. निवडणूक हरलीस म्हणून मतदार यादीतून नाव उडालं का तुझं? सदस्य नऊ-दहा जणच असतात. ग्रामसभा अख्ख्या गावाची असते. तिथं बसायला निवडून यावं लागत नाही, अठरा पूर्ण लागतात, बस. हे मी सहावीच्या पोरांना नागरिकशास्त्रात पंचवीस वर्षं घोकायला लावलं आणि माझ्या स्वतःच्याच डोक्यात आज शिरतंय!

आणि तुमचा तो नियम पुन्हा वाच. निवडणूक नाही, प्रचार नाही, फ्लेक्स नाही. त्यात ग्रामसभेचं नाव कुठंय? गावच्या सभेत गावानं बोलणं म्हणजे कुठला पक्ष आला? हे शिवतेजला विचार. आधी मयूरीला विचार, तुमच्या रीतीप्रमाणं.

सव्वीस जानेवारीला सभा असते. शिपाई सह्या मागायला आला तर सांग, सही सभेत करीन.

तुला सात मतं कमी पडली म्हणजे किती माणसांनी तुला मत दिलं याचा विचार केलास का? पैसा नाही, पॅनेल नाही, बाप बरोबर नाही. मी तुझी आत्या आहे हे लोकांना सांगत सुटले आहे. शेजारीण वैतागली आहे.

तुझी
चंद्राआत्या


सोनधोंडी
३० जानेवारी २०२३

ती. आत्या,

सभा झाली. खरीखुरी. सगळं जसं घडलं तसं लिहिते.

तुझं पत्र मी मयूरीला वाचायला दिलं. ती ते घेऊन थेट शिवतेजकडे गेली. पुढं काय झालं मला माहीत नाही, मी त्यांच्या बैठकीत नव्हते. पण पंचवीस तारखेपर्यंत गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर एकच निरोप गेला होता, "उद्या सभेला चला, सही तितंच करायची."

झेंडावंदन झालं. नेहमी लोक जिलेबी घेऊन घरी जातात. यावेळी गेले नाहीत. बायका पटांगणात बसल्या, हायस्कूलच्या मुलांना पोचवणाऱ्या आया पुढं. शिपायानं माणसं मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडूनच दिलं. आप्पा पुढच्या खुर्च्यांवर, जयराजदादांच्या माणसांत.

विषय संपल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, फरशीच्या जागी उंच पूल व्हावा म्हणून पंचायतीनं जिल्हा परिषदेकडे मागणी करावी, असा ठराव मांडते. जयराजदादा रागावले नाहीत. त्यांना लोकांना हसवत न्यायची कला आहे. "पूल काय पंचायतीच्या खिशात हाय व्हय? तवर आपली पोरं हायतीच की खंबीर!" असं म्हणून त्यांनी ग्रामसेवकांना खूण केली. कपाटातून शाली आणि नारळ बाहेर आले. आमच्या पंचायतीच्या कपाटात शाली कायम तयार असतात, आत्या, कुठलाही प्रश्न विचारा, शाल निघते. "सोबत गटाचा पुन्हा एकदा सत्कार! शिवतेज, ये म्होरं."

टाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, संपलं.

शिवतेज पुढं गेला. शाल खांद्यावर पडायच्या आधी त्यानं ती हातात धरली आणि माईकवर म्हणाला, "आमच्यात लहान मानूस आदी बोलतंय. मयूरी, ये."

मयूरीला आत्ताच एकोणिसावं लागलंय. तिची ही पहिली सभा. माईक तिच्या तोंडापेक्षा उंच होता. ती म्हणाली, "आमी दोर धरतो. म्होरं बी धरू. पर किती वर्सं धरायचा, ते सभेनं सांगावं. म्या लगीन होऊन गेले तर माझ्या जागी कोन? तुमची नातवंडं? दोर किती वर्सं धरायचा, त्याचा बी ठराव करा. मग पुलाचं न्हाई काढलं तरी चालंल."

एक म्हातारबा उठले, "असं कसं, कायम धरायचा का पोरांनी?" आणि स्वतःच खाली बसले. मग गटातला एकेक उभा राहिला, वयाप्रमाणं. कुणी भाषण केलं नाही. कुणी म्हणालं, "मी नोकरीला चाललोय." कुणी म्हणालं, "गेल्या साली माझा पाय घसरला, बनुबाईंचा नातू हातातनं सुटता सुटता ऱ्हायला." हे गावाला ठाऊकच नव्हतं. गटानं कधी सांगितलंच नव्हतं.

आणि तेव्हा स्टेजवरून बनुबाई उठल्या. नवरा खालून डोळे वटारत होता. त्या त्याच्याकडे बघतच बोलल्या, "माझा नातू हाय त्यो. ठराव घ्या. माझा हात वर हाय." जयराजदादांना इलाजच उरला नाही. तेही हुशार, लगेच म्हणाले, "मी कुठं नगो म्हंतोय!" हात वर झाले. मोजावे लागले नाहीत. आप्पांचा हात वर होता का नाही ते मी पाहिलं नाही. पाहायचा धीरच झाला नाही.

नुसता ठराव झालाय हे मला कळतं. पूल व्हायला वर्षं जातील, पाठपुरावा करावा लागेल, सांगलीला हेलपाटे घालावे लागतील. येत्या पावसाळ्यात दोर धरावाच लागणार. पण आता गावाला ते ठाऊक आहे. शिरवळच्या मैत्रिणीला मी येत नाही म्हणून कळवलंय.

सभा सुटल्यावर शिवतेज आला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "नियम बदलला न्हाई. तुला गटात घेता येत न्हाई." मी म्हटलं, घेऊ नकोस, मला पुन्हा उभं राहायचंय. तो बराच वेळ शालीची घडी करत राहिला. मग म्हणाला, "गटाला नवा म्होरक्या बघाय पायजे. मयूरी चालंल. म्होरल्या निवडनुकीला बूथवर तुझा एजंट म्हनून म्या बसनार हाय."

घरी आप्पा अजून बोलत नाहीत. पण आता तेवढंच एक राहिलंय.

तुझी
संयोगिता

ता. क. तुझा संशय पुन्हा जागा होईल म्हणून सांगते, त्यानंतर आमचं लगेच भांडण झालं.


सातारा
८ फेब्रुवारी २०२३

चि. संयोगिता,

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती रडली आणि मी तिच्यावर रागावले, कारण मलाही रडू येत होतं. त्या मयूरीला माझा आशीर्वाद सांग. छत्तीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. बनुबाईंना सांग, सातारची चंद्राबाई त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्या पाया पडायला येणार आहे. तुम्हा सगळ्यांचं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि मी मराठीही शिकवायचे.

आता दुसरं. परवा ज्ञानूचा फोन आला. तो मला सणासुदीलासुद्धा फोन करत नाही, म्हणून आधी घाबरले. "आक्का, बरी हायस का?" म्हणाला आणि गप्प. मग बोलायला लागला तो थांबेचना. सभेत तू कशी उभी राहिलीस, आवाज कसा आधी कापला आणि मग कसा लागला, जयराजला कसं वाकावं लागलं. तू लिहिलंस त्याहून त्यानंच मला जास्त सांगितलं. हात वर केला होता त्यानं. खुर्च्यांच्या रांगेत पहिला त्याचाच होता, म्हणाला.

मी म्हटलं, मग पोरीला हे सांग की. तर उसाच्या तोडीचं सांगायला लागला. मग म्हणाला, "आक्का, डिसेंबरात म्या तिला मत दिलं न्हाई. जयराजच्या गाडीतनं गेलो, त्याच्या मानसांसंगं उतरलो, आन आत जाऊन बोट तिकडंच गेलं. सात मतांनी पडली म्हंत्यात. घरात तोंड वर करून तिच्याकडं बघता येत न्हाई मला."

मी ओरडणार होते. पण फोनवर माझा धाकटा भाऊ हुंदके देत होता. मी म्हटलं, तूच सांग तिला. "मला न्हाई जमायचं," म्हणाला, "तू लिही." म्हणून लिहिते आहे. तुला आता काय वाटत असेल याची मला कल्पना आहे, त्याचं काय करायचं ते तूच ठरव.

फोन ठेवताना त्यानं मला दोनदा बजावलं की शेवटचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं. "तिला म्हनावं, म्होरल्या टायमाला आप्पा कुनाच्या गाडीत बसत न्हाई. चालत जानार हाय."

तुझी
चंद्राआत्या